लांडगा नसलेलं गाव

२०२५च्या जूनमध्ये ‘द ट्रेटर्स’ हा कार्यक्रम हिंदीत आला. जैसलमेरचं एक राजवाडी हॉटेल, करण जोहर सूत्रसंचालक, आणि आत नट-नट्या, विनोदवीर, समाजमाध्यमांवरचे चेहरे. त्यांतल्या काहींना गुपचूप ‘गद्दार’ नेमलेलं. गद्दारांनी रात्री एकाला ‘मारायचं’ आणि मग सगळ्यांनी गोल टेबलाभोवती बसून, भांडून, मतदान करून एका संशयिताला बाहेर काढायचं. आमच्या घरात पहिला भाग संपायच्या आत भाच्यांनी निकाल देऊन टाकला, “मामू, हा तर आपला माफिया!”

‘आपला’ म्हणण्याचं कारण साधं आहे. लॉकडाऊनमध्ये मी या पोरांना हा खेळ महिना-दीड महिना ऑनलाइन खेळवत होतो, म्हणून त्यांना तो घरचा वाटतो. टीव्हीवाल्यांच्या लेखी तो डच आहे. २०२१ साली नेदरलँड्समध्ये हा कार्यक्रम सुरू झाला, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये गाजला, आणि तिथून जगभर गेला. मोबाइलवर खेळणाऱ्यांच्या लेखी तो अंतराळयानातला खेळ आहे. प्रत्यक्षात त्याचा जन्मदाखला सोव्हिएत रशियातला. तिथून इथवर येताना त्यात काय काय बदलत गेलं, ते सांगण्यासारखं आहे.

दिमित्री दाविदोफ हा मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातला विद्यार्थी. शाळकरी मुलांना शिकवण्याचं कामही त्याच्याकडे होतं. शिकवणं आणि मानसशास्त्राचा अभ्यास एकत्र साधावा म्हणून त्याने हा खेळ बांधला. पहिला डाव तो स्वतः १९८७च्या वसंतातला सांगतो. विभागातून खेळ वसतिगृहांत गेला, तिथून उन्हाळी शिबिरांत.

ज्यांनी कधी खेळला नाही त्यांच्यासाठी नियम सांगतो. सगळे गोल बसतात. चिठ्ठ्या वाटल्या जातात. दोघा-तिघांच्या चिठ्ठीवर ‘माफिया’, बाकीच्यांच्या ‘नागरिक’. एक जण खेळत नाही, तो सूत्रधार. तो म्हणतो, रात्र झाली, गाव झोपलं. सगळे डोळे मिटतात. मग फक्त माफिया डोळे उघडतात, एकमेकांना ओळखतात आणि खुणेने एक बळी ठरवतात. सूत्रधार म्हणतो, दिवस उगवला, अमुक माणूस मेला. आता उरलेले सगळे, त्यांत माफियाही आले, खुनी कोण यावर वाद घालतात आणि मत देऊन एकाला बाद करतात. त्याची चिठ्ठी उलटली जाते. मग पुन्हा रात्र. सगळे माफिया पकडले गेले तर गाव जिंकलं, माफियांची संख्या उरलेल्या नागरिकांइतकी झाली तर गाव हरलं. पुढे त्यात रात्री एकाची खरी ओळख विचारणारा गुप्तहेर आणि एकाला वाचवणारा डॉक्टर आले, पण गाभा तोच राहिला. थोड्यांना सगळं माहीत आहे, पुष्कळांना काहीच माहीत नाही, आणि निर्णय मात्र बहुमताने व्हायचा आहे.

आपल्याकडे राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या आहेतच. वहीच्या कागदाचे चार तुकडे, घडी घालून उधळायचे. शिपायाने चोर ओळखायचा, चुकला तर त्याचे गुण चोराला. त्यात चोर कोण हे ठरवायची जबाबदारी एकट्या शिपायाची असते, आणि चुकीची किंमतही तोच मोजतो. दाविदोफच्या खेळात सगळं गाव शिपाई आहे, चोरसुद्धा शिपाई बनून बसला आहे, आणि चुकीची किंमत तिसराच माणूस मोजतो.

१९८७ हे साल इथे महत्त्वाचं आहे. दाविदोफ इतिहासाचा नव्हे, मानसशास्त्राचा विद्यार्थी होता. पण वसतिगृहाच्या खोलीत हे डाव रंगत असताना खोलीबाहेर सारा देश पन्नास वर्षांपूर्वीच्या संशयाबद्दल पहिल्यांदा मोठ्याने बोलत होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला अबुलाद्झे यांचा ‘पश्चात्ताप’ हा अडवून ठेवलेला चित्रपट मॉस्कोत झळकला. त्यात एका हुकूमशहाचं प्रेत पुन्हा पुन्हा उकरून काढलं जातं. रिबाकोव यांची ‘अर्बातची मुलं’ ही कादंबरी मासिकातून छापली जात होती. नोव्हेंबरमध्ये गोर्बाचेव यांनी स्टालिनच्या गुन्ह्यांचा जाहीर उल्लेख केला. पुढच्या फेब्रुवारीत बुखारिनवरचा कलंक अधिकृतपणे पुसला गेला.

तो संशय कसा चालला होता, हे आता कागदपत्रांवरून माहीत आहे. जुलै १९३७ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी ००४४७ क्रमांकाचा हुकूम काढला. प्रत्येक प्रांतात किती ‘शत्रू’ गोळी घालून मारायचे आणि किती छावणीत पाठवायचे याचे आकडे त्यात आधीच ठरवून दिले होते. शत्रू सापडायच्या आधी त्यांची संख्या ठरली होती. प्रांतांनी आपला आकडा पूर्ण केला आणि वाढवून मागितला. १९३७-३८ या दोन वर्षांत मिळून सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना देहदंड दिला गेला.

आता गंमत पाहा, म्हणजे गंमत म्हणवत नाही. खेळातही माफियांचा आकडा आधीच ठरलेला असतो. बारा जणांत तीन. फरक इतकाच की खेळात ते तीन खरोखर असतात. सूत्रधाराने स्वतः चिठ्ठ्या वाटलेल्या असतात. गावाला कितीही उलटसुलट वाद घालू द्या, खुनी याच बारांत आहे ही गोष्ट पक्की असते. इतिहासातल्या गावाला अशी हमी कुणीच दिलेली नसते, तरी गाव ती मिळाल्यासारखंच वागतं.

खेळ रशियातून युरोपात आणि तिथून अमेरिकेत पोचला. १९९७ साली अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकन लेखक-प्रोग्रामरने त्याचा वेश बदलला. त्याचं म्हणणं, माफिया ही काही सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट नाही. त्यापेक्षा मनुष्यलांडगा बरा. दिवसा चारचौघांसारखा माणूस, रात्री जनावर. खेळाच्या दृष्टीने सुचलेली ही कल्पना इतकी चपखल होती की आज जगात निम्मे लोक हा खेळ ‘लांडगा’ म्हणूनच ओळखतात. २००१ साली फ्रान्समध्ये निघालेला पत्त्यांचा संचही लांडग्यांचाच.

मला मात्र हा बदल वाटतो तितका निरुपद्रवी वाटत नाही. माफिया असणं हे कृत्य आहे. माणूस टोळीत जातो, टोळी सोडूही शकतो. लांडगा असणं ही जात आहे. लांडग्याने काही केलं नसलं तरी तो लांडगाच असतो. ‘याने काय केलं’ हा प्रश्न जाऊन ‘हा मुळात कोण आहे’ हा प्रश्न आला, आणि खेळणाऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही. (मराठीत यासाठी ‘तोतया’ हा फार चांगला शब्द होता. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला, १७७६ मध्ये त्याने कोकणात फौज जमवली आणि शेवटी नाना फडणवीसांच्या कारभारात त्याला देहदंड झाला. तोतया हा माणूस असतो, आणि तो तोतया आहे हे सिद्ध करावं लागतं. पण हे विषयांतर झालं.)

इंटरनेटवर हा खेळ आला तो २०००च्या सुमारास, आणि आला तो लिहून खेळायचा खेळ म्हणून. दिवस म्हणजे खरोखरचे कित्येक दिवस. एकेक डाव महिनोन् महिने चाले. चेहरा नाही, आवाज नाही, घाम नाही. पण प्रत्येक शब्द नोंदलेला. कोण मंगळवारी काय म्हणाला आणि शुक्रवारी त्याने मत कुणाला दिलं, हे मागे जाऊन वाचता येई. असले जुने डाव मी वाचले आहेत. कोर्टाच्या निकालपत्रासारखे ते कंटाळवाणे आहेत, आणि तितकेच न्याय्यही. लोक एकमेकांच्या विसंगती पुराव्यानिशी दाखवतात. नुसतं ‘तू मला विचित्र वाटतोस’ म्हणणाऱ्याला लगेच विचारलं जातं, कुठल्या ओळीत?

चेहरा पाहून खोटं ओळखता येतं या समजुतीवर तर दुसऱ्या टोकाला शिक्षणक्रमच निघाला. १९९८ साली रशियाच्या गृहखात्याच्या कालिनिनग्राद इथल्या शाळेने देहबोली वाचायला शिकवण्यासाठी याच खेळावर एक पाठ्यपुस्तिका काढली. म्हणजे पोलीस माफिया खेळून माफिया ओळखायला शिकणार! बाँड आणि डीपॉलो या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६ साली खोटं ओळखण्यावरचे जुने-नवे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ओळखतात. नाणं उडवलं तर ५० टक्के.

२०१४ साली ‘टाउन ऑफ सेलम’ नावाचा खेळ आला आणि सूत्रधाराची जागा संगणकाने घेतली. पंधरा अनोळखी माणसं एका गावात जमतात, भूमिका यंत्र वाटतं, घड्याळ यंत्र चालवतं, संशयिताला वधस्तंभावर उभं करून बचावाला काही सेकंद देतं. नाव अमेरिकेतल्या खऱ्या सेलम गावाचं. तिथे १६९२ मध्ये चेटकिणींचा शोध सुरू झाला. दीडशेहून जास्त लोकांवर आरोप, १९ जणांना फाशी, गुन्हा कबूल-नाकबूल सांगायला नकार देणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला छातीवर दगड रचून मारलं, आणि काही जण तुरुंगातच गेले. ‘आरोपीची छाया येऊन मला छळते’ ही साक्ष पुरावा म्हणून चालली. ज्यांनी ‘होय, मी चेटूक करते’ असं कबूल केलं आणि कबुली मागे घेतली नाही, त्यांच्यापैकी कुणालाही फासावर चढवलं गेलं नाही. फासावर गेले ते निरपराध असल्याचं शेवटपर्यंत सांगणारे. त्या गावात चेटकीण एकही नव्हती. आपण निरपराध आहोत हे सांगणं हाच तिथे सगळ्यात धोकादायक शब्द ठरला होता.

तिथली एक चिठ्ठी तर परवा-परवापर्यंत उलटायची राहिली होती. एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या बाविशीतल्या बाईला १६९३ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला. गव्हर्नरने शिक्षा थांबवली म्हणून ती वाचली, पण निर्दोष ठरवलेल्यांच्या यादीत तिचं नाव कधी आलंच नाही. नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीतल्या मुलांनी नागरिकशास्त्राच्या वर्गात हे प्रकरण हाती घेतलं, आमदारांचा पाठपुरावा केला, आणि २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवलं. ३२९ वर्षांनी.

सेलमच्या खेळानंतर वेग वाढतच गेला. २०१८ साली अमेरिकेतल्या तिघा जणांच्या कंपनीने ‘अमंग अस’ काढला. दोन वर्षं तो कुणी फारसा खेळलं नाही, आणि २०२० मध्ये घरात अडकलेल्या जगाने तो एकदम उचलला. त्या ऑक्टोबरात ओकासिओ-कॉर्तेझ आणि इल्हान ओमर या अमेरिकन संसदेतल्या दोघी जणी मतदानाचं आवाहन करण्यासाठी तो जाहीरपणे खेळल्या. अंतराळयानात रंगीत बाहुल्या कामं करतात, त्यांत एक-दोन तोतये. प्रेत सापडलं की सभा, सभेला घड्याळ, घड्याळ संपायच्या आत मत. ‘लाल संशयास्पद आहे’ असं पहिला जो लिहील त्याच्या मागे सगळे. लाल यानाबाहेर फेकला जातो आणि पडद्यावर थंडपणे अक्षरं उमटतात की लाल तोतया नव्हता. कुणी थांबत नाही. पुढचा डाव.

आता आमच्या डावांकडे येतो. एप्रिल २०२० मध्ये पुणे, सोलापूर, भिवंडी आणि गावाकडची मिळून डझनभर पोरं घरात कोंडली होती. रमजान सुरू झाल्यावर तरावीहनंतर व्हिडिओ कॉल लावायचा आणि मी सूत्रधार व्हायचं, असं ठरलं. फुकटच्या कॉलची मर्यादा चाळीस मिनिटं. त्यामुळे वेग आमच्यावर लादला गेला. बारा जण, तीन माफिया, एक डॉक्टर, एक गुप्तहेर. रात्र एक मिनिट, दिवस तीन मिनिटं.

ऑनलाइन खेळवताना सगळ्यात अवघड असते ती रात्र. डोळे मिटा म्हटलं तर अर्धे एका डोळ्याने बघतात. म्हणून रात्रीचा कारभार मेसेजवर न्यावा लागतो. मग नवी डोकी चालतात. कुणाच्या चेहऱ्यावर मोबाइलचा उजेड पडला, कुणाकडून मेसेजचा ‘टिंग’ ऐकू आला, कोण ‘ऑनलाइन’ दिसतंय, कुणाच्या नावाखाली ‘टायपिंग’ येतंय, यावरून पोरं माफिया ओळखू लागली. त्यावर उपाय एकच. रात्री प्रत्येकाने मला मेसेज करायचाच. माफियाने बळीचं नाव, डॉक्टरने वाचवायचं नाव, आणि साध्या नागरिकाने ‘झोपलो’. माईक सगळ्यांचे बंद. मलाही सगळ्यांना सारख्याच वेळाने, सारख्याच लांबीचं उत्तर द्यावं लागे. चिठ्ठ्या मी स्टीलच्या डब्यात घालून कॅमेऱ्यासमोर हलवायचो आणि मनाने कुणालाही काही द्यायचो नाही, कारण ‘मामूने मुद्दाम केलं’ हा आरोप एकदा चिकटला की खेळ संपतो.

गावाकडून खेळणारा एक मुलगा होता. त्याच्याकडे रेंज नीट नसायची. प्रश्न विचारला की उत्तर दोन-तीन सेकंद उशिरा यायचं, चित्र गोठायचं, वाक्य तुटायचं. पहिल्या चार डावांत तीन वेळा तो पहिल्याच दिवशी बाद झाला. कारण विचारलं तर, “तो विचार करून बोलतोय, मामू.” तिन्ही वेळा चिठ्ठी नागरिकाची निघाली. चौथ्या वेळी त्याने आधीच सांगून टाकलं, “मला काढणार असाल तर लवकर काढा, डेटा तरी वाचेल.”

लिहून खेळायच्या जुन्या डावात हा मुलगा सगळ्यात भारी ठरला असता, कारण तो विचार खरंच करून बोलतो. तीन मिनिटांच्या घड्याळाने त्याला गुन्हेगार केलं. वेळ कमी पडला की माणसं पुरावा सोडून ढंग पाहतात. कोण अडखळला, कोण गप्प राहिला, कुणाचं बोलणं आपल्यासारखं नाही. आमच्या घरात या वृत्तीला बदगुमानी म्हणतात. नुसत्या संशयापेक्षा वाईट, मनात आधीच वाईट धरून बसणं.

मग दोन नियम केले. मोकळा वाद सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला नावाने पुकारून वीस सेकंद, त्यात मधे कुणी बोलायचं नाही, आणि आवाज तुटला तर ते सेकंद परत. दुसरा नियम, ‘कुणालाच नाही’ असंही मत देता येईल. पहिल्याला पोरांनी मान डोलावली, दुसऱ्यावर ओरडा झाला. कुणालाच काढायचं नाही म्हणजे भित्रेपणा!

त्यांना मी हिशेब करून दाखवला. गावात तीन जण उरलेत, एक माफिया. डोळे झाकून मत दिलं तरी गाव जिंकायची शक्यता तिनात एक. आता गावात आणखी एक निरपराध माणूस घाला. चार जण, एक माफिया. मत चुकलं की एक गेला, रात्री दुसरा गेला, उरले दोन, गाव हरलं. म्हणजे शक्यता चारात एक. चांगला माणूस वाढला आणि गावाची शक्यता घटली! पण चौघांनी त्या दिवशी कुणालाच काढलं नाही, तर रात्रीनंतर तीन उरतात आणि शक्यता पुन्हा तिनात एक. गप्प बसण्याने गाव जास्त जिंकतं. (या खेळावर गणितज्ञांनी गंभीर काम केलं आहे. ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल यांनी २००८ साली दाखवलं की गुप्तहेर नसेल तर गावाच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात माफिया असले तरी लढत बरोबरीची होते. शंभरांच्या गावात साधारण दहाच्या घरात. गुप्तहेर आला की मात्र माफियांना खूप मोठी टोळी लागते. खात्रीची माहिती देणारा एक माणूस एवढा फरक पाडतो.)

आणि तो एप्रिल २०२० होता. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजनंतरचे दिवस. बाहेरचं गावही कुणाला तरी शोधत होतं, आणि त्यालाही घाई होती. भाजीवाल्याला भाव विचारायच्या आधी नाव विचारलं जात असल्याच्या बातम्या येत होत्या. पोरं ते सगळं बघत होती आणि रात्री माझ्याकडे खेळायला येत होती. त्यावर आम्ही फार बोललो नाही. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, तसा या लोकांचा शोधला गेला असावा, असं निकालात नोंदवलं. चिठ्ठी उलटली, पण तोवर टीव्हीवाले पुढच्या डावाला लागले होते.

महिना सरत आला तशी मोठी पोरं अभ्यासाला लागली, खेळणारे सहाच उरले. तेव्हा मी एक नवीन प्रकार आणला. २०१४ साली निघालेला ‘वन नाइट’ नावाचा लांडग्यांचा खेळ, टेड अल्स्पाक आणि जपानचे अकिहिसा ओकुई यांचा. एकच रात्र, एकच दिवस, एकच मत, सगळं मिळून दहा मिनिटं. वेगाच्या बाबतीत याच्यापुढे फार कुणी गेलेलं नाही. पण त्यात एक नियम असा आहे की तो वाचून मी पुस्तिका खाली ठेवली होती. चिठ्ठ्या खेळाडूंपेक्षा तीन जास्त असतात. त्या तीन मधे पालथ्या पडून राहतात. म्हणजे दोन्ही लांडगे त्या तिनांतच असू शकतात. गावात लांडगाच नसू शकतो. तसं असेल तर गावाने कुणालाही मारलं नाही तरच गाव जिंकलं.

इतक्या वर्षांत या खेळाने गावाला दिलेली हमी या एका नियमाने काढून घेतली.

सहा खेळाडू, नऊ चिठ्ठ्या, दोन लांडगे. दोघेही डब्यात राहण्याची शक्यता बारात एक. एका रात्रीत तीन डाव होत, त्यामुळे चार-पाच दिवसांनी असा डाव येई. पहिल्यांदा आला तेव्हा गावाने दोन मिनिटांत एकमताने माझ्या धाकट्या भाच्याला मारलं. नागरिक. दुसऱ्यांदा मधली भाची गुप्तहेर होती. गुप्तहेराला रात्री डब्यातल्या दोन चिठ्ठ्या बघता येतात, आणि नेमक्या त्या दोन्ही लांडग्याच्या निघाल्या. दिवस उगवल्याबरोबर ती ओरडली, “अरे, लांडगा कुणीच नाहीये! मी बघितलंय!” क्षणभर शांतता. मग एक जण म्हणाला, “हे तर लांडगाच म्हणेल.” पाच मतं तिला. ती कॉल बंद करून निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी सहरीपर्यंत भावाशी बोलली नाही.

तिसऱ्यांदाही कुणी तरी मेलं, कोण ते आता आठवत नाही.

चौथ्या वेळी गावाकडचा तो मुलगा होता. वीस सेकंदांची पाळी सगळ्यांची झाली. कुणाचंच बोलणं कुणाला खटकलं नव्हतं, आणि नेहमीप्रमाणे त्यामुळेच सगळे अस्वस्थ झाले होते. त्याचा आवाज तुटत तुटत आला. त्याचं म्हणणं होतं, बहुतेक या वेळी कुणी नाहीये. पण ‘कुणालाच नाही’ला या डावात जागा नाही, मत द्यावंच लागतं. मग असं करू, यादीत आपल्या खाली ज्याचं नाव आहे त्याला मत द्यायचं. शेवटच्याने पहिल्याला. प्रत्येकाला एकच मत पडेल, कुणीच मरणार नाही.

“आणि लांडगा असला तर?” भाचीने विचारलं.

“तर हरू,” तो म्हणाला. तेवढ्यात त्याचं चित्र गोठलं.

एक मिनिट वाद झाला. मी घड्याळ थांबवलं नाही. मतं आली, सहाला सहा, यादीच्या क्रमाने. मी सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या, मग डब्याचं झाकण काढून डबा कॅमेऱ्यासमोर तिरका धरला. दोन्ही लांडगे आतच होते.